बिदर, लोणार आणि माझा ओव्हन

माझ्या कानातल्यांवरून ऑफिसात हमखास तीन प्रश्न येतात. पहिला, "हे टेराकोटा आहे का गं?" दुसरा, "डिझाइन्स कुठून मिळतात तुला? पिंटरेस्ट?" आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "मला अगदी अमुकसारखं करून देशील का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे, दुसऱ्याचं दोन पानांचं. तिसऱ्याचं उत्तर गेल्या संक्रांतीपर्यंत फार सोपं होतं: "देते की!" आता ते तितकं सोपं राहिलेलं नाही. ते का, हेच आज लिहायचंय. पण सुरुवात पहिल्यापासूनच करू.

तर नाही, हे टेराकोटा नाही. शाडू नाही, चिनीमाती नाही, खरं सांगायचं तर माती नाहीच. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग. हो, तोच पीव्हीसी, ज्याचे पाण्याचे पाइप असतात. याला कुंभाराची भट्टी लागत नाही, घरातला छोटा ओव्हन पुरतो. कंपनी सांगेल त्याप्रमाणे साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवलं की कण एकमेकांत मुरतात आणि वस्तू कडक होते. उडून जायला आत पाणीच नसतं, त्यामुळे ती जवळजवळ आकसत नाही. आणि वजनाला इतकी हलकी, की तळहाताएवढे झुमके घातले तरी संध्याकाळपर्यंत कान ओढत नाहीत.

इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत. या मातीचा एक प्रसिद्ध ब्रँड आहे, स्कल्पी. हे मिश्रण १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं ते दागिन्यांसाठी नव्हे, तर विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठी! ते काम त्याला काही जमलं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे हाताने छान घडवता येतंय. दुसरा ब्रँड फिमो, त्याचा जन्म जर्मनीतल्या केटे क्रूझे या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंच्या घरातला. त्यांच्या मुलीचं लाडकं नाव फिफी, आणि 'फिमो'मधला 'फि' तिचाच. म्हणजे एकाचा खानदानी इतिहास बाहुल्यांचा आणि दुसऱ्याचा फसलेल्या प्रोजेक्टचा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माझ्यासारखीला यातला दुसरा जास्त जवळचा वाटतो :-)

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी आधीच सांगते. ओव्हनच्या चकतीवर १३० लिहिलंय म्हणून आत १३० असतीलच असं नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. तापमान फार चढलं तर ही माती करपते आणि पीव्हीसी करपताना हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू निघतो. आणि ज्या लाटण्याने, सुरीने, मशीनने ही माती हाताळाल ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. माझं पास्ता मशीन जन्मात पास्ता बघणार नाहीये. त्यातून फक्त रंग लाटले जातात.

आता दुसरा प्रश्न. डिझाइन्स कुठून येतात?

माझी बहुतेक फिरण्यातून येतात. पण 'प्रवासावरून दागिना' म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, म्हणजे कानात लटकणारा आयफेल टॉवर, किंवा गोवा म्हणून शिंपला आणि नारळाचं झाड, ते मला नको असतं. ते दागिने नव्हेत, ते फ्रिजवरचे मॅग्नेट. मी स्वतःला एक साधा नियम घालून घेतलाय: ठिकाणाचं चित्र काढायचं नाही. तिथून रंग घ्यायचा, पोत घ्यायचा, एखादी गोष्ट तिथे कशी *बनते* ते घ्यायचं.

उदाहरणार्थ लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं ते उल्कापाताने तयार झालेलं विवर, बेसॉल्टच्या काळ्या खडकात पडलेला जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, आणि तळाशी खारं हिरवट पाणी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो फिरले होते. खारटपणा वाढल्यावर त्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. मी गेले तेव्हा पाणी नेहमीसारखं हिरवंच होतं. काठावर उभं राहिल्यावर जाणवतं ते हे, की वरून सगळं वाटीसारखं गोल गुळगुळीत दिसतं, आणि हाताला लागणारा दगड मात्र खडबडीत आणि बारीक छिद्रांचा असतो.

ती छिद्रं कशी आणायची? यावर पॉलिमर क्लेवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, मीठ. साधं खडे मीठ कच्च्या मातीत दाबायचं, तसंच भाजायचं आणि मग वस्तू पाण्यात टाकून ठेवायची. मीठ विरघळून जातं, छिद्रं राहतात. खाऱ्या सरोवराचा दागिना मिठाने घडतो हे जेव्हा माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि हे सांगायला जागं कोणी नव्हतं. बाहेरची कडा काळी, मिठाच्या छिद्रांची, आत उतरत गेलेला हिरवा. कडेला अगदी बारीक गुलाबी रेघ, २०२० ची आठवण म्हणून. 

तो उतरत जाणारा हिरवा आणायच्या पद्धतीला स्किनर ब्लेंड म्हणतात, ज्युडिथ स्किनर या बाईंच्या नावावरून. दोन रंगांचे दोन त्रिकोण एकमेकांना जोडून चौकोन करायचा, घडी घालायची, मशीनमधून काढायचा. पुन्हा घडी, पुन्हा मशीन. घडीची दिशा कायम तीच. वीस-पंचवीस वेळा झालं की एका टोकाला एक रंग, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये सगळ्या छटा. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? पहिल्या दहा वेळा ते अगदी बेकार दिसतं. चट्ट्यापट्ट्यांचं. तरी घड्या घालत राहायचं.

पणजीचं तसंच. फोंतेन्यश वाड्यातल्या गेरू-निळ्या भिंतींवर फिरताना आणि मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली निळी-पांढरी फरशीचित्रं बघताना (झोर्झ कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची, १९३५ मधली) मला ती जहाजं आणि माणसं नव्हती उचलायची. मला हवी होती ती फरशांमधली सांध्याची रेघ. एकच चित्र चौकोनी तुकड्यांत कापलेलं असतं आणि एखाद्या सांध्यावर रेघ केसभर चुकते, आणि त्या चुकण्यामुळेच ते हाताने केलेलं आहे हे कळतं. त्या केसभर चुकीचं एक पेंडंट झालं. माझ्या आईला ते अजून तिरकं बसवलंय असंच वाटतं.

आता तिसरा प्रश्न आणि बिदर.

बिदर तसं कर्नाटकात, पण आपल्या उदगीरपासून फार लांब नाही. गेल्या दिवाळीआधी एका लाँग वीकेंडला रात्रीच्या बसने गेले होते. बिदरी काम बघायचं हे मुख्य निमित्त. चौबाऱ्याच्या जुन्या मनोऱ्याजवळच्या गल्ल्यांत अजून कारागीर बसतात. एका छोट्या दुकानात मी दोन तास बसून होते. चाचांनी माझ्यासाठी काम थांबवलं नाही, करता करताच सांगत गेले.

जस्त भरपूर आणि तांबं थोडं असा मिश्रधातू साच्यात ओततात. घासून गुळगुळीत केलेल्या वस्तूवर मोरचुदाचं पाणी चोळतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर कोरणीने काढलेली नक्षी दिसते. नक्षी हातानेच, छापा नाही. मग छिन्नीने ती खोदायची आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. इथवर सगळी वस्तू करडीच असते, चांदी कुठे आणि जस्त कुठे हे धड कळतही नाही. शेवटची पायरी म्हणजे जादू आहे. बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवतात आणि गरम केलेल्या वस्तूवर चोळतात. मिश्रधातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते! माती चांगली आहे का हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात म्हणे.

मी एक लहानसं पेंडंट घेतलं, काळ्यावर चांदीची वेल. चाचा म्हणाले, "हात में लेके देखो बेटा, वजन देखो." खरंच, दिसतं त्यापेक्षा जड.

तर झालं असं की ते पेंडंट मावशीने बघितलं. माझ्या मावसबहिणीचं लग्न नोव्हेंबरात झालेलं, त्यामुळे जानेवारीत तिची पहिली संक्रांत. मावशीकडे ठाण्याला जंगी हळदीकुंकू. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं ठरलेलं. वाण काय लुटायचं तेवढं बाकी होतं. आणि पेंडंट बघून मावशीची ट्यूब पेटली.

"अगं, हे तुझ्या त्या मातीत कर ना! काळ्यावर चांदी. काळ्या साडीवर काय दिसेल! पन्नास जोड कर कानातले. दोनशेप्रमाणे देते, फुकट नकोय मला."

दहा हजार रुपये. माझ्या पुढच्या ट्रिपचा खर्च जवळजवळ निघत होता. आणि कल्पना वाईट नव्हती हो. आपल्याकडे नव्या नवरीला साखरेच्या हलव्याचे दागिने घालतात, म्हणजे सोन्या-चांदीशिवाय दागिना ही गोष्ट संक्रांतीला नवी नाहीच. शिवाय करायला एकदम सोपं. काळी माती, त्यावर चांदीचा वर्ख किंवा चांदीच्या रंगाची बारीक पूड, वर एक लकाकीचा थर. तांत्रिकदृष्ट्या दोन वीकेंडचं काम. फोटोत ठेवलं तर खरं कोणतं आणि माझं कोणतं हे ओळखता आलं नसतं.

मला नेमकं तेच खुपायला लागलं.

मी मावशीला फोनवर म्हटलं, बिदरीसारखं नको, बिदरचंच दुसरं काहीतरी करते. मावशी बँकेत तीस वर्षं काढलेली बाई आहे, ती काय ऐकतेय. म्हणाली, "हे बघ, तो कारागीर दोनशे रुपयांत वाणाला पन्नास जोड देणार आहे का? नाही ना? मग त्याचं गिऱ्हाईक तू तोडतेस कुठे? उलट पन्नास बायकांना बिदरी म्हणजे काय ते तरी कळेल."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आणि स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर मावशीच्या बाजूने अजून एक मुद्दा होता, जो तिला माहीत नव्हता. पॉलिमर क्लेमध्ये आम्ही जे काही करतो त्यातलं किती आमचं आहे? मिलेफिओरी घ्या. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या जुळवून एक जाड उंडा करायचा आणि अळूवडीसारख्या चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीत तेच फूल. ही युक्ती व्हेनिसजवळच्या मुरानोच्या काचकामातून घेतली. थरावर थर देऊन तिरके कापले की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते, ते मोकुमे गाने जपानी धातुकामातून आलं. ही माती जन्मतःच नकलाकार आहे. ती दगड होते, हस्तिदंत होते, लाकूड होते. मग बिदरीच्याच वेळी मी सोवळं का पाळावं?

दोन-तीन दिवस हे डोक्यात घोळत होतं. बिल्ड चालू असताना, बसमध्ये, जेवताना. शेवटी जे पटलं ते असं.

मुरानोकडून घेतली ती पद्धत. उंडा करायचा आणि कापायचा. माझी अळूवडी छाप चकती बघून कुणी तिला काच समजत नाही आणि मी तसं म्हणतही नाही. बिदरीच्या बाबतीत मी पद्धत घेणारच नव्हते. ना ओतकाम, ना छिन्नी, ना किल्ल्याची माती. मी फक्त शेवटचं *दिसणं* घेणार होते. आणि पन्नास जणींच्या तोंडी "बिदरीचे कानातले, दोनशेचे" हे वाक्य देणार होते. मावशीचं म्हणणं बरोबर आहे, आजचं गिऱ्हाईक मी तोडत नाही. पण त्या पन्नासातली एखादी उद्या प्रदर्शनात चाचांसारख्या कुणाच्या टेबलासमोर उभी राहील, किंमत विचारेल आणि म्हणेल, "अय्या, हे तर दोनशेला मिळतं." त्या वाक्यावर कारागिराने काय बोलायचं? वजन बघा म्हणायचं? बिदरीला जीआय मानांकन आहे, नावाला कायद्याचं संरक्षण आहे. पण असं बोलणाऱ्या बाईला कुठला कायदा थांबवणार?

दगड, पाणी, गुलाबी सूक्ष्मजीव यांचं मी काहीही घेतलं तरी लोणारच्या पोटावर पाय येत नाही. फरशीचा सांधा कुणाच्या मालकीचा नाही. पण जिथे एखादा माणूस आज, आत्ता, तीच वस्तू घडवून घर चालवतोय, तिथे मी तिच्यासारखी दिसणारी, तिच्याच जागी कानात बसणारी आणि तिचंच नाव सांगणारी स्वस्त वस्तू करणार नाही. एवढीच माझी रेघ. वारलीचंही मी आता तसंच ठरवलंय. ही रेघ सगळ्यांनी पाळावी असं अजिबात म्हणत नाही, पण मला कुठेतरी ती ओढायची होती.

मग बिदरचं दुसरं काय? तर महमूद गवानचा मदरसा. गवान हा इराणच्या गिलान भागातून आलेला बहमनी वजीर. त्याने १४७२ च्या सुमारास बांधलेली ही तीन मजली विद्यापीठासारखी इमारत आणि तिच्या दर्शनी भागावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरशांची नक्षी. सतराव्या शतकाच्या अखेरीस आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा बराच हिस्सा उडाला. आज दोनपैकी एकच मनोरा उभा आहे, आणि त्यावर नागमोडी पट्ट्यांत उरलेल्या फरशा. मध्येच रंग, मध्येच उघडी वीट. मी त्या मनोऱ्याकडे बराच वेळ बघत बसले होते. गेलेल्या तुकड्यांमुळे उरलेले जास्त दिसतात.

मग ठरलं. काळा पाया (संक्रांत आहे, काळं हवंच), त्यावर फिरोजी, पिवळ्या, पांढऱ्या मातीचे तांदळाएवढे तुकडे नागमोडी बसवलेले, आणि प्रत्येक जोडात काही जागा मुद्दाम रिकाम्या. डाव्या कानातली गळती वेगळी, उजव्यातली वेगळी. एका जोडाला पाऊण तास. म्हणजे दोन वीकेंडचं काम पाच वीकेंडवर गेलं आणि पन्नास जोड होणं शक्यच नव्हतं.

नमुना बघून मावशीची पहिली प्रतिक्रिया, "अगं, यातले तुकडे पडलेत की!" मी मदरशाचा फोटो दाखवला. ती चष्मा काढून बघत राहिली. मग म्हणाली, "तीस कर. बाकीच्यांना स्टीलचे डबे देईन." दर तोच, दोनशे. म्हणजे दहाचे सहा हजार झाले आणि तासांचा हिशेब केला तर मी ऑफिसच्या कँटीनमध्ये भांडी घासून जास्त कमावलं असतं. असो. ट्रिप पुढे ढकलली.

प्रत्येक जोडाबरोबर एक छोटं कार्ड दिलं. वर मदरशाबद्दल दोन ओळी आणि खाली: बिदरला गेलात तर चौबाऱ्याजवळच्या गल्लीत खरी बिदरी बघा, हातात घेऊन वजन बघा. 

हळदीकुंकवाला मी होते. खरं सांगते, बऱ्याच जणींनी कार्ड न वाचताच पर्समध्ये टाकलं. दोघींना डबाच हवा होता. पण एक काकू कार्ड वाचून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "माझं माहेर उदगीरचं. बिदर आम्हाला दीड तासावर. लहानपणी बाजाराला जायचो वडिलांबरोबर. पण हे काय आहे ते कधी बघितलंच नाही बघ." मग थोडं थांबून, "आता मे महिन्यात गेले की जाईन." त्या गेल्या की नाही ते मावशीला विचारायचं राहिलंय.

सध्या टेबलावर काय आहे म्हणाल, तर या वेळी प्रवास फार लांबचा नाही. वाघोली. हो, आपली ट्रॅफिकवाली वाघोली. तिथल्या खाणींतल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले निळे गोळे. जगभरातले संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव ओळखतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट, त्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्याचं नाव केलंय. आम्ही लोक मात्र त्याच वाघोलीला फ्लॅटचा दर काय चाललाय एवढंच विचारतो.

तो निळा मला अजून सापडलेला नाही. अल्ट्रामरीनमध्ये थोडा हिरवा टाकला की फिका पडतो, नाही टाकला की जांभळ्याकडे जातो. आठ चकत्या भाजून झाल्यात, कोणत्या चकतीत कोणता रंग किती ते एक्सेलमध्ये आहे (सवय!). उद्या रविवार आहे, ओव्हन रिकामा आहे. नववी करून बघते.